सार्मिएन्तो वाचायचा कसा: डावं पान, उजवं पान

अर्जेंटिनाच्या इतिहासात शिरलात की पहिल्या अर्ध्या तासात एक टकला, जाड ओठांचा, कपाळाला आठ्या घातलेला म्हातारा भेटतोच भेटतो. शाळांच्या नावात, रस्त्यांच्या नावात, जुन्या ५० पेसोंच्या नोटेवर, जिकडे बघाल तिकडे हाच. हा दोमिंगो फाउस्तिनो सार्मिएन्तो, १८६८ ते १८७४ देशाचा राष्ट्राध्यक्ष, आणि त्याआधी मास्तर, दुकानातला नोकर, खाणकामगार, पत्रकार, दोनदा देश सोडून पळालेला, गव्हर्नर, राजदूत, काय म्हणाल ते. आणि पुढच्या अर्ध्या तासात त्याच्याबद्दल बोलणारे दोन गट भेटतात. एक म्हणतो हा शिक्षणाचा देव, दुसरा म्हणतो हा गरिबांच्या रक्ताला चटावलेला माणूस. दोघांकडे पुरावे आहेत, आणि गोची तीच आहे.

मी सुरुवात चुकीची केली होती म्हणून हे लिहितोय. आधी जे चरित्र हाताला लागलं ते शाळकरी छापाचं होतं, गरीब आई, हुशार पोरगा, एकही दिवस शाळा न बुडवणारा, शेवटी राष्ट्राध्यक्ष, टाळ्या. नंतर त्याला शिव्या घालणारं वाचलं तर त्यात नुसताच राक्षस. दोन्ही वाचून डोक्यात माणूस काही उभा राहीना. मग एक साधी युक्ती केली आणि तिथून गाडी रुळावर आली, तीच सांगतो.

एक वही घ्या. जोडपानाच्या वर फक्त एक वर्ष लिहा. डाव्या पानावर त्या वर्षी त्यानं काय उभं केलं ते, उजव्या पानावर त्याच वर्षी त्याच्यामुळे किंवा त्याच्या संमतीनं कोणाचं काय गेलं ते. नियम एवढाच की डावं भरलं तर उजव्यासाठी शोधाशोध करायचीच, आणि उलटंही. सापडलं नाही तर कोरं सोडा, उगाच भरू नका.

नमुना म्हणून १८६३ घ्या, कारण याच्यापेक्षा चांगलं वर्ष नाही. तेव्हा तो आपल्या जन्मगावी, अँडीजच्या पायथ्याच्या सान हुआन प्रांतात गव्हर्नर होता. डाव्या पानावर येतं शाळा, शिक्षणाचा कायदा, शहर सुधारायची एकावर एक कामं. उजव्या पानावर येतो शेजारच्या ला रियोहा प्रांतातला आंखेल व्हिसेन्ते पेन्यालोसा, ज्याला सगळे चाचो म्हणायचे. साध्या घोडेस्वारांचा लाडका पुढारी, ब्युनोस आयर्सच्या सरकारविरुद्ध उठलेला. नोव्हेंबर १८६३ मध्ये तो ओल्ता गावात शरण आला, निःशस्त्र होता, तरी मारला गेला आणि त्याचं मुंडकं भाल्यावर लावून गावात ठेवलं. सार्मिएन्तोनं हे स्वतः केलं नाही, पण राष्ट्राध्यक्ष मित्रेला पत्र लिहून त्याची वाहवा केली, आणि मुख्य म्हणजे ज्या पद्धतीनं मारला त्या पद्धतीचीच वाहवा केली. म्हणजे शाळांचा हिशोब ठेवणारा हात आणि हे पत्र लिहिणारा हात एकच, आणि तोही एकाच वर्षी. हे जोडपान भरलं की मग कुठल्याच गटात पटकन जाऊन बसता येत नाही.

आता वही भरायच्या आधी एक पुस्तक वाचावंच लागतं, 'फाकुन्दो'. १८४५ मध्ये चिलीत असताना त्यानं ते पेपरात हप्त्याहप्त्यानं छापलं. चिलीत का, तर अर्जेंटिनात तेव्हा हुआन मानुएल दे रोसासची हुकूमशाही होती आणि हा १८४० पासून दुसऱ्यांदा पळून आलेला. पुस्तक वरवर फाकुन्दो किरोगा नावाच्या काउदिल्योबद्दल आहे, काउदिल्यो म्हणजे स्वतःची घोडेस्वार फौज बाळगणारा प्रांतातला दांडगा पुढारी. हा किरोगा १८३५ मध्येच बारांका याको इथे बग्गीत गोळी घालून मारला गेला होता. तेव्हा नाव मेलेल्या माणसाचं आणि नेम जिवंत रोसासवर, असा प्रकार आहे. सगळा मांड एका जोडीवर, एका बाजूला सुधारणा म्हणजे शहर, युरोप, कोट, पुस्तक, कायदा, आणि दुसऱ्या बाजूला रानटीपणा म्हणजे मैदान, घोडा, सुरी, गाऊचो (मैदानात गुरांमागे फिरणारा घोडेस्वार).

हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचत गेलात तर मध्येच कंटाळाल, लढायांची नावं फार आहेत. पहिला भाग नीट वाचा, किरोगाच्या चरित्रातलं वाघाचं प्रकरण वाचा (झाडावर चढून बसलाय आणि खाली जॅग्वार फेऱ्या मारतोय), त्याचा खून वाचा, बाकी सध्या चाळा. आणि हातात पेन्सिल ठेवा. जिथे जिथे लेखक शत्रूच्या प्रेमात पडलाय असं वाटेल तिथे खूण करा. पहिल्या भागात माग काढणारा येतो, जो पायाच्या ठशावरून चोर ओळखतो, वाटाड्या येतो जो अंधारात गवत उपटून, हुंगून, चावून सांगतो आपण कुठे आहोत, गाणारा येतो, फरारी गाऊचो येतो. रानटी म्हणून ज्यांना निकालात काढायचं त्यांच्यावर या माणसानं त्याचं सगळ्यात सुंदर गद्य खर्च केलंय. माझ्या मते पुस्तक आजही जिवंत आहे ते या खुणा केलेल्या पानांमुळे, सिद्धांतामुळे नाही. आणि अजून एक, हे सगळं लिहिताना त्यानं तो पाम्पा, म्हणजे सपाट गवताळ मैदानांचा प्रदेश, धड बघितलाही नव्हता, ब्युनोस आयर्ससुद्धा नाही. प्रवाशांची वर्णनं, ऐकीव गोष्टी आणि सान हुआनच्या आठवणी यांवर भागवलंय. हे माहीत असलं की वाचताना कान टवकारलेले राहतात.

'फाकुन्दो' संपल्यावर लगेच होसे एर्नान्देसची 'मार्तीन फिएरो' ही कविता घ्या, मध्ये गॅप नको. ती १८७२ मध्ये आली, म्हणजे सार्मिएन्तो खुर्चीवर असतानाच. त्यात गाऊचो स्वतः बोलतो, घरदार होतं, बायकोमुलं होती, एक दिवस जबरदस्तीनं सैन्यात ओढून सरहद्दीवर टाकलं, पगार नाही, फटके आहेत, पळून आलो तर घर उजाड. एर्नान्देस काही तटस्थ माणूस नव्हता, त्यानं चाचोचं चरित्र लिहिलेलं आणि सार्मिएन्तोच्या सरकारविरुद्धच्या बंडात भागही घेतलेला. पण म्हणूनच वाचायचं. तुमच्या वहीचं उजवं पान या माणसानं आधीच लिहून ठेवलंय असं समजा.

आता त्याच्या स्वतःच्या आठवणींबद्दल सावध करतो. 'रेकुएर्दोस दे प्रोविन्सिया' हे १८५० चं आत्मचरित्र वाचायला गोड आहे, आई पाउला आल्बारासीन अंजिराच्या झाडाखाली माग लावून विणते, त्या कमाईतून घर उभं राहतं, मग पोरी मोठ्या झाल्यावर त्यांना नव्या फॅशनपुढे ते झाड नकोसं होतं आणि कुऱ्हाड चालते, आई रडते. मला ते प्रकरण फार आवडतं, खोटं कशाला बोलू. पण शाळा एकही दिवस न बुडवल्याची जी गोष्ट तिकडच्या पोरांना पिढ्यानपिढ्या ऐकवली जाते ती कुठून आली बघायला जा, तर याच पुस्तकातून, म्हणजे साक्षीदारही तोच आणि आरोपीही तोच. आणि पुस्तक लिहिलं कधी, तर रोसासनंतर आपण देशाच्या कामाला कसे लायक आहोत हे लोकांना पटवायचं होतं तेव्हा. म्हणून त्याच्या लहानपणाची कुठलीही गोष्ट वहीत घेताना शेजारी 'स्वतः सांगतो' असं बारीक अक्षरात लिहा, एवढंच.

तसंच त्याच्या नावावरच्या वाक्यांचं. सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणजे 'रानट्यांनो, विचार मारता येत नाहीत'. १८४० मध्ये देश सोडताना सोंदा इथे भिंतीवर कोळशानं लिहिलं म्हणे. त्यानं लिहिलं होतं फ्रेंचमध्ये, त्यात 'रानट्यांनो' हा शब्दच नव्हता, आणि वाक्य दुसऱ्या कोणाचं तरी म्हणून त्यानंच सांगितलं. वर 'फाकुन्दो'मध्ये तो मजेत लिहितो की सरकारनं हे गूढ अक्षर वाचायला समिती पाठवली, भाषांतर झालं आणि तरी कळेना. फ्रेंच येतं तो माणूस आणि न येतं तो रानटी, अख्खा सार्मिएन्तो या एका किश्शात सापडतो. याच्या उलट एक वाक्य त्याचे भक्त खाली सरकवतात, ते १८६१ च्या सप्टेंबरमध्ये पावोनच्या लढाईनंतर मित्रेला लिहिलेल्या पत्रातलं, की गाऊचोंचं रक्त वाचवायच्या भानगडीत पडू नका, ते देशाला उपयोगी पडणारं खत आहे. भिंतीवरचं वाक्य लिहिलंत तर हेही लिहायचं, नाहीतर वही बंद करा.

राष्ट्राध्यक्षपदाची सहा वर्षं वाचायची असतील तर भाषणांपासून सुरुवात करू नका, १८६९ च्या जनगणनेपासून करा. देशाची पहिली जनगणना, त्याच्याच सरकारनं केलेली. लोकसंख्या १८ लाखांच्या थोडी वर, आणि दर दहा माणसांत सातांहून जास्त निरक्षर. हा आकडा समोर ठेवला की पुढचा सगळा आटापिटा कळतो. तो १८४५ ते १८४८ युरोप, अल्जीरिया, अमेरिका फिरून आलेला (खर्चाची वहीसुद्धा ठेवली होती, पै न पै लिहिलेली), अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी शाळा उभ्या करणाऱ्या होरेस मॅनला भेटलेला. स्वतःच्या मनाशी त्यानं तिथेच ठरवलेलं दिसतं की नक्कल करायची तर फ्रान्सची नाही, याची. पुढे तो वॉशिंग्टनला राजदूत असताना मॅनची बायको मेरी हिच्याशी दोस्ती टिकली, तिनं 'फाकुन्दो' इंग्रजीत आणलं, आणि शिक्षिका शोधून पाठवायलाही तिनंच मदत केली. निवडणूक जिंकला तेव्हाही हा देशात नव्हता, अमेरिकेतच होता.

तर त्या शिक्षिका. १८६९ पासून शतक संपेपर्यंत एकूण ६५ अमेरिकन शिक्षक अर्जेंटिनात आले, त्यातले चार सोडले तर सगळ्या बायका. पाराना शहरात १८७० मध्ये शिक्षक घडवणारी नॉर्मल स्कूल काढायचा हुकूम निघाला, पहिला प्रमुख जॉर्ज स्टर्न्स नावाचा अमेरिकन. कल्पना सोपी होती, पोरांना शिकवायला मास्तर नाहीत तर आधी मास्तर बनवायचा कारखाना काढा. पुढे एकेका प्रांतात या शाळा पसरल्या आणि त्यातून बाहेर पडलेल्या पोरींनी पुढची कितीतरी वर्षं देशाला वाचायला शिकवलं. प्रोटेस्टंट बाया कॅथलिक पोरींना शिकवणार म्हणून कोर्दोबात चर्चनं नंतर चांगलाच दंगा केला, ते १८८४ च्या पानावर टाका. सहा वर्षांत प्राथमिक शाळेतली पोरं साधारण ३० हजारांवरून एक लाखावर गेली असा आकडा सगळीकडे दिसतो. शिवाय कोर्दोबात वेधशाळा, १८७१ मध्ये उघडली, बेंजामिन गूल्ड हा खगोलशास्त्रज्ञ मुद्दाम बोलावून दक्षिणेकडच्या आकाशाची यादी करायला बसवला. देशात दहातल्या सातजणांना सही येत नाही आणि हा तारे मोजायला पैसे देतोय म्हणून तेव्हाही लोक बोलले असणारच. मला मात्र ही गोष्ट त्याच्या बाजूनं टाकाविशी वाटते.

वाचनालयांचा कायदा विसरू नका, १८७० चा. गावातल्या लोकांनी मंडळ काढायचं, वर्गणी जमवायची, आणि सरकार त्यात भर घालून पुस्तकं पाठवणार. नुसतं वरून फुकट वाटप नाही. लोकवाचनालयं सांभाळणारी सरकारी यंत्रणा तिथे आजतागायत आहे.

याच सहा वर्षांचं उजवं पानही जाडजूड आहे बरं का. पाराग्वेविरुद्धचं युद्ध त्याला वारशात मिळालं, १८७० मध्ये संपलं, तोवर पाराग्वे जवळजवळ उद्ध्वस्त झालेला. या युद्धात त्याचा स्वतःचा मुलगा, म्हणजे बायकोच्या आधीच्या लग्नातला पण यानं आपलं नाव दिलेला दोमिंगितो, १८६६ मध्ये कुरुपाय्तीच्या हल्ल्यात गेला, वय २१. बातमी त्याला अमेरिकेत कळली. त्याच १८७० मध्ये रोसासला पाडणारा उर्किसा आपल्याच वाड्यात मारला गेला, मागे बंडखोर लोपेस होर्दान, आणि एन्त्रे रियोस प्रांतात सरकारी फौजा उतरल्या. ते बंड चिघळत राहिलं. १८७१ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये पिवळा ताप आला, काही महिन्यांत तेरा हजारांवर माणसं मेली, पावणेदोन लाखांच्या आसपासच्या शहरात, आणि राष्ट्राध्यक्ष साहेब ट्रेननं शहराबाहेर गेले. पेपरांनी धुतला, आणि मला वाटतं बरोबर धुतला.

१८७३ ऑगस्टमध्ये त्याच्यावर हल्ला झाला तो किस्सा मात्र वाचाच. बग्गीतून चालला होता, भाडोत्री मारेकऱ्यानं बंदुकीत दारू इतकी ठासली की ती त्याच्याच हातात फुटली. सार्मिएन्तोला काही झालं नाही, आणि मुख्य म्हणजे काही ऐकूही आलं नाही, तोवर तो चांगलाच बहिरा झाला होता. कोणीतरी नंतर सांगितलं तेव्हा कळलं.

आता काही चुका ज्या मी केल्या, तुम्ही करू नका. पहिली, १८८४ चा १४२० नंबरचा कायदा, मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष प्राथमिक शिक्षण, हा सरळ त्याच्या नावावर टाकला. तो नंतरचा राष्ट्राध्यक्ष रोका याच्या कारकिर्दीत झाला. यानं त्यासाठी आयुष्यभर भांडण केलं हे खरं, पण सही त्याची नाही. दुसरी, सगळं श्रेय एकट्याला दिलं. त्याचा शिक्षणमंत्री निकोलास आव्हेल्यानेदा, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, त्याचं काम बघा. हुआना मान्सो बघा, शाळा चालवायची, शिक्षणाचं मासिक चालवायची, बाई भाषणं करते म्हणून लोकांचे टोमणे खायची. तिच्याशिवाय हे चरित्र अर्धंच.

तिसरी चूक जरा मोठी, 'त्या काळी सगळे तसेच होते' असं म्हणून सोडून दिलं. नव्हते सगळे तसे. हुआन बाउतिस्ता आल्बेर्दी हा त्याच्याच पिढीचा, रोसासचा तसाच विरोधक, तसाच परदेशात राहिलेला, आणि १८५३ मध्ये दोघांची पत्रांतून अशी जुंपली की एकमेकांची सालं काढली. शहर म्हणजे सुधारणा आणि रान म्हणजे रानटी ही जोडीच चूक आहे असं आल्बेर्दी तेव्हाच सांगत होता. एर्नान्देस तर वर आलाच. तेव्हा आजच्या मापानं मोजू नका हे ठीक, त्याच्या शेजाऱ्यांच्या मापानं तरी मोजा. आणि १८८३ चं 'कॉन्फ्लिक्तो' हे वंशांवरचं पुस्तक गाळू नका, भक्तमंडळी हमखास गाळतात. त्यात मूळ रहिवासी आणि मिश्र रक्ताच्या लोकांमुळे खंड मागे राहिला असं तो मांडतो. म्हातारपणी माणूस बदलतो म्हणतात, इथे उलटं झालंय, 'फाकुन्दो'मधलं गाऊचोचं कौतुक गेलं आणि नुसता तिरस्कार उरला. वाचवत नाही, पण शाळा ज्या डोक्यातून आल्या त्याच डोक्यातून हेही आलंय. त्याला शाळा हव्या होत्या कारण समोरचा माणूस आहे तसा त्याला चालतच नव्हता. माझी वही भरून झाल्यावर मला हे एवढंच कळलं.

ज्यांना तिकडे जायचा योग आहे त्यांच्यासाठी ठिकाणं. सान हुआनमधलं जन्मघर हे देशातलं पहिलं राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक, १९१० मध्ये जाहीर झालेलं, १९४४ च्या भूकंपात शहर कोसळलं तरी त्याचा काही भाग वाचला. अंगणात अंजीर आहे, तिथे उभं राहून आत्मचरित्रातलं ते पान वाचा, मजा येते. ब्युनोस आयर्सजवळ तिग्रेच्या खाड्यांमध्ये त्याचं लाकडी घर आहे, जपायला सगळंच्या सगळं काचेच्या पेटीत ठेवलंय. या दलदलीत टोपल्या विणायच्या विलोची लागवड यानंच आणली, तिथल्या लोकांचा तो धंदा झाला. शहरात पालेर्मोच्या बागेत रोदॅनं केलेला पुतळा आहे, १९०० चा, उघडल्यावर लोक म्हणाले हा आमचा सार्मिएन्तो दिसतच नाही. पुतळ्यापेक्षा जागा बघा, तिथे आधी रोसासचं घर होतं, ते आदल्याच वर्षी पाडलं.

११ सप्टेंबरला अर्जेंटिनात शिक्षक दिन असतो, तो त्याचा जन्मदिवस समजू नका. जन्म १५ फेब्रुवारी १८११ चा. ११ सप्टेंबर १८८८ ला तो गेला, आणि गेला कुठे तर आसुन्सिओनमध्ये, पाराग्वेत, तब्येतीला हवा मानवते म्हणून जाऊन राहिला होता. ज्या देशाविरुद्धच्या युद्धात मुलगा गमावला त्याच देशात.

शेवटी रेकोलेता स्मशान, वेळ असेल तर अर्धा दिवस काढा आणि क्रम पाळा. आधी फाकुन्दो किरोगाची कबर शोधा, वर दुःखी बाईचा संगमरवरी पुतळा आहे, किरोगा आत उभाच पुरलाय असं गाईड सांगतात. मग रोसास, जो इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये मेला आणि ज्याच्या अस्थी १९८९ मध्ये परत आणल्या. मग सार्मिएन्तो, पाराग्वेहून बोटीनं आणलेला. तिघंही एकाच भिंतीच्या आत, चालत पाचदहा मिनिटांत होतं. वही बरोबर घ्या, सार्मिएन्तोच्या कबरीजवळ शाळेच्या सहली असतात, शिक्षिका काय सांगतायत ते ऐका आणि डाव्या पानावर लिहा, मग फिरून किरोगाकडे जा.